राष्ट्रीय फुटबॉल संघांची तुलना कशी मांडायची: रँकिंग, पैसा आणि पोरांची तयारी

वर्ल्ड कप आला की कोल्हापूरच्या पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे चढतात आणि कट्ट्यावर ठरलेला वाद सुरू होतो. जेमतेम साडेतीन लाख वस्तीचा आइसलँड २०१८ ला वर्ल्ड कप खेळून आला, मग आपण का नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘ते पैसा ओततात’ किंवा ‘त्यांच्या रक्तातच फुटबॉल आहे’ इथंच थांबतं. पैसा किती, कुणी, कधी आणि कशावर घातला हे कागदावर मांडता येतं. त्यासाठी एक्सेलची एक शीट आणि थोड्या संध्याकाळी पुरतात. ती शीट कशी भरायची, आकडे कुठं फसवतात आणि तीच मोजपट्टी आपल्या तालमीला, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघाला, कशी लावायची, ते खाली दिलं आहे.

देश निवडताना हरलेलेही घ्या

सात-आठ देश पुरे. फक्त जिंकणारे घेतले तर त्यांनी जे जे केलं ते सगळंच यशाचं कारण वाटायला लागतं. म्हणून चीन हवाच. २०१५ मध्ये चीननं २०२५ पर्यंत पन्नास हजार फुटबॉल शाळांचं लक्ष्य जाहीर केलं, मैदानं बांधली, प्रचंड पैसा लावला. पण त्यांचा पुरुष संघ आजवर एकदाच, २००२ ला, वर्ल्ड कप खेळला. तिथं तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. पैसा आणि निकाल यांचा संबंध सरळ नाही हे ही एक ओळ सांगते.

आमची यादी अशी: जर्मनी, बेल्जियम, आइसलँड, जपान, मोरोक्को, उझबेकिस्तान, चीन आणि भारत. उझबेकिस्तान मुद्दाम आहे. लोकसंख्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाच्या आसपास, श्रीमंत देश नव्हे, आणि खेळतो आपल्याच आशियात. २०१८ ला २३ वर्षांखालचा आणि २०२३ ला २० वर्षांखालचा आशिया कप जिंकून हा संघ २०२६ च्या वर्ल्ड कपला पहिल्यांदाच पात्र झाला. भारताची तुलना जर्मनीशी करण्यापेक्षा याच्याशी केली तर जास्त शिकायला मिळतं.

निकालाचा रकाना: क्रमांक नको, गुण घ्या

फिफा (जागतिक फुटबॉल महासंघ) रँकिंगचा क्रमांक शेजारच्यांच्या चढउतारावर हलतो, म्हणून शीटमध्ये गुण लिहा. ऑगस्ट २०१८ पासून हिशोबाची पद्धत बदलली आहे, तेव्हा त्याआधीचे आणि नंतरचे गुण एका रांगेत ठेवू नका.

नवी पद्धत समजायला सोपी आहे. सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांवरून अपेक्षित निकाल काढतात. मग प्रत्यक्ष निकाल (विजय १, बरोबरी ०.५, हार ०) वजा अपेक्षित निकाल, आणि त्याला सामन्याच्या वजनानं गुणायचं. वर्ल्ड कप पात्रता सामन्याचं वजन २५, फिफाच्या ठरावीक तारखांतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचं १०, वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढं ६०.

समजा आपले गुण ११०० आणि समोरच्याचे १४००. फरक ३००. सूत्रात तो ६०० नं भागतात आणि आपला अपेक्षित निकाल येतो ०.२४. पात्रता सामना जिंकलो तर २५ गुणिले ०.७६, म्हणजे १९ गुण मिळाले. बरोबरीत साडेसहा मिळतात. हरलो तर फक्त ६ जातात. हाच सामना मैत्रीपूर्ण असता तर विजयाचे ७.६ आणि हारीचे उणे २.४.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, यजमान देश पात्रता फेरी खेळत नाही, त्यामुळे त्याचं रँकिंग खरं बळ दाखवत नाही. जुन्या पद्धतीत तर हे फारच ठळक होतं: २०१८ चा यजमान रशिया ७० व्या क्रमांकावर असूनही उपांत्यपूर्व फेरीत पोचला. दोन, कुणाशी खेळलो यावर बरंच ठरतं. भारत मार्च २०१५ मध्ये १७३ वा होता आणि जुलै २०१७ मध्ये ९६ वा. या उडीचं श्रेय युवा विकासाला देता येत नाही, कारण २०१५ ला तेरा वर्षांचा असलेला पोरगा २०१७ ला पंधराचा होता. ती उडी सीनियर संघाच्या निकालांची आणि सामन्यांच्या निवडीची होती.

म्हणून एका तारखेचे गुण न घेता सलग चार वर्षांच्या डिसेंबरमधल्या गुणांची सरासरी काढा. शेजारी खंडाच्या स्पर्धेत आणि वर्ल्ड कपमध्ये कुठवर गेले ते लिहा. दोन्ही एकाच दिशेला बोलत असतील तर विश्वास ठेवा.

पैशाचा रकाना: कुणाच्या खिशातला?

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून सावकाश जा.

पहिली चूक म्हणजे फक्त देशाच्या फुटबॉल महासंघाचा ताळेबंद बघणं. जर्मनीत २००१-०२ पासून वरच्या दोन विभागांतल्या क्लबांना स्वतःची अकादमी असल्याशिवाय खेळण्याचा परवानाच मिळत नाही. म्हणजे मोठा खर्च क्लबांच्या हिशोबात आहे. आइसलँडमध्ये २००० पासून पूर्ण मापाची बंदिस्त मैदानं उभी राहिली आणि त्यात नगरपालिकांचा वाटा मोठा होता. हा पैसा फुटबॉल महासंघाच्या वहीत दिसत नाही. भारतात पोराच्या बुटांपासून प्रवासापर्यंतचा खर्च आईबाप सोसतात आणि तो कुठल्याच वहीत नसतो. त्यामुळे शीटमध्ये पाच वेगळे रकाने करा: महासंघ, क्लब, सरकार आणि पालिका, फिफा आणि खंडाचा महासंघ, पालक. आकडा मिळत नसेल तिथं शून्य लिहू नका, रकाना कोरा सोडा. शून्य लिहिलं की सरासरी बिघडते आणि खर्चच झाला नाही असा खोटा अर्थ निघतो.

दुसरी चूक बांधकाम आणि चालू खर्च एकत्र धरण्याची. एक टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) बांधला की त्या वर्षीचा आकडा फुगतो. बांधकामाचा खर्च त्याच्या आयुष्यावर वाटा. कृत्रिम गवताला साधारण दहा वर्षं धरली तर दर वर्षी दहावा हिस्सा. प्रशिक्षकांचं मानधन, चेंडू, प्रवास, सामने हा चालू खर्च वेगळा. दोन देशांत बांधकाम सारखं आणि चालू खर्च वेगळा असेल तर फरक बहुतेक वेळा चालू खर्चाच्या बाजूला दिसतो. चीनच्या ओळीकडं बघताना हे ध्यानात ठेवा.

तिसरी चूक चलनाची. युरो थेट बाजारभावानं रुपयांत बदलू नका. प्रशिक्षकाचा पगार तिथल्या महागाईनुसार असतो. जागतिक बँक दर वर्षी क्रयशक्तीचा दर प्रसिद्ध करते, तो वापरा. भारतासाठी हा दर डॉलरच्या बाजारभावाच्या चौथाईच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या एका लाखाचं काम बाजारभावानं दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं असतं. हा बदल न करता भारताची किंवा उझबेकिस्तानची तुलना युरोपशी केली तर आपण उगाच कंगाल दिसतो.

चौथी चूक डोई हिशोब न करण्याची. फिफाच्या फॉरवर्ड योजनेत २०२३ ते २०२६ या चार वर्षांसाठी प्रत्येक सदस्य महासंघाला जास्तीत जास्त ८० लाख डॉलर मिळू शकतात. देश केवढाही असो, मर्यादा तीच. आइसलँडमध्ये ते माणशी सुमारे २० डॉलर होतात, भारतात माणशी अर्ध्या सेंटच्या आसपास. शीटमध्ये शक्य असेल तर लोकसंख्येऐवजी ६ ते १८ वयाच्या नोंदणीकृत खेळाडूंच्या संख्येनं भागा.

वर्षं सरकवा

खर्च आणि निकाल एकाच वर्षाच्या ओळीत ठेवले तर सगळी मेहनत वाया जाते. दीड वर्ष शेतात राहणाऱ्या आडसाली उसाचा उतारा काढताना तोडणीच्या महिन्यातल्या खताची पावती कुणी धरत नाही. इथं तर अंतर दहा ते चौदा वर्षांचं आहे.

जर्मनीचं उदाहरण जवळून बघा. २००० च्या युरो कपमध्ये जर्मनी गटात शेवटचा: रोमानियाशी १-१, इंग्लंडकडून ०-१, पोर्तुगालकडून ०-३. त्यानंतर अकादमीची सक्ती आली आणि महासंघानं देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उभी केली. क्लबच्या नजरेतून सुटलेल्या ११ ते १४ वयाच्या पोरांना तिथं आठवड्यातून एकदा जादा सराव मिळू लागला. २००९ मध्ये २१ वर्षांखालच्या युरो कपच्या अंतिम सामन्यात जर्मनीनं इंग्लंडला ४-० हरवलं. त्या संघातले नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, खेदिरा, ओझिल आणि होवेडेस हे सहा जण २०१४ च्या विश्वविजेत्या संघात होते. २०१४ च्या अंतिम सामन्यात ११३ व्या मिनिटाला गोल करणारा ग्योत्झे १९९२ चा, म्हणजे केंद्रं सुरू झाली तेव्हा दहा वर्षांचा.

शीटमध्ये यासाठी साधी युक्ती आहे. प्रत्येक संघाच्या पहिल्या अकरांचं सरासरी वय काढा, समजा २६. त्यातून १२, म्हणजे तयारी सुरू होण्याचं वय, वजा करा. उरतात १४. आता निकालाच्या वर्षातून १४ वजा करून त्या वर्षापासून पुढच्या सहा वर्षांचा युवा खर्च त्या ओळीत लिहा. २०२२ च्या संघासाठी २००८ ते २०१३.

एवढं करूनही निकाल कायम टिकेल असं समजू नका. हाच जर्मनी २०१८ आणि २०२२ ला गटातूनच बाहेर पडला. युवा खर्चामुळे दर्जेदार खेळाडूंची संख्या वाढते. सात-आठ सामन्यांच्या स्पर्धेत नशीब, दुखापती आणि प्रशिक्षकाचे निर्णय राहतातच. म्हणूनच चार वर्षांची सरासरी हवी.

खेळाडू घडवला कुणी?

हा रकाना बहुतेक जण विसरतात. २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर आणि २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसऱ्या आलेल्या बेल्जियमचं सगळं श्रेय त्यांच्या महासंघाच्या २००६ च्या आराखड्याला दिलं जातं. तो आराखडा खरंच मोलाचा होता: लहान वयात ५ विरुद्ध ५, मग ८ विरुद्ध ८, मग ११, आणि अगदी लहान गटांत गुणतक्ताच नाही. पण खेळाडू एकेक करून बघा. हझार्ड चौदाव्या वर्षी फ्रान्समधल्या लीलला गेला. व्हेर्टोंगेन, आल्डरवेरेल्ड आणि व्हर्मालेन हॉलंडच्या आयाक्समध्ये घडले. डी ब्रॉयना आणि कोर्तुआ मात्र गेंकचे, लुकाकू आंडरलेख्तचा. म्हणजे बेल्जियमच्या यशात शेजाऱ्यांच्या अकादम्यांचाही पैसा आहे.

मोरोक्कोचंही तसंच. २०२२ ला उपांत्य फेरी गाठणाऱ्या २६ जणांपैकी १४ जण परदेशात जन्मलेले. हकिमी माद्रिदमध्ये जन्मला आणि रेआल माद्रिदमध्ये शिकला. पण पोर्तुगालविरुद्धचा विजयी गोल करणारा एन-नेसिरी, तसेच उनाही आणि अगेर्द हे राबातजवळच्या मोहम्मद सहावा अकादमीचे. दोन्ही रकाने भरले तरच मोरोक्कोच्या पैशाचं काम वेगळं दिसतं.

मोजायचं असं: १५ ते २१ वयात सलग किंवा तुकड्यांत तीन हंगाम जिथं काढले, त्या देशाच्या नावावर खेळाडू लिहायचा. युरोपातल्या स्पर्धांत घरचा खेळाडू ठरवताना हीच कसोटी वापरतात.

रुपयांपेक्षा तास मोजा

आमच्या मते शीटमधला सगळ्यात बोलका आकडा हा आहे: एका पोराच्या वाट्याला वर्षाला प्रशिक्षकाचे किती तास येतात. आइसलँडचं खरं वैशिष्ट्य बंदिस्त मैदानापेक्षा तिथं उभ्या असलेल्या माणसात आहे. तिथं सात-आठ वर्षांच्या पोरांनाही यूएफाचं (युरोपच्या फुटबॉल महासंघाचं) लायसन्स असलेला, मानधन घेणारा प्रशिक्षक मिळतो.

आता इथला हिशोब. एका बॅचमध्ये ४० पोरं, एक प्रशिक्षक, आठवड्याला तीन दिवस, दीड तास. पावसाळा, परीक्षा आणि सण वजा जाता ३२ आठवडे. वर्षाचे १४४ तास झाले. भागिले ४०, म्हणजे पोरामागं ३.६ तास. आणखी दोन प्रशिक्षक आणले तर १०.८. मैदान तेच, पोरं तीच. दोन टर्फ जास्त बांधून हा आकडा हलत नाही.

पावसाळ्याचा मुद्दा सोडू नका. आइसलँडला थंडी होती, आपल्याला जून ते सप्टेंबर आहे. त्या चार महिन्यांत शाळेचा हॉल, मंगल कार्यालयाची मोकळी जागा किंवा पत्र्याची शेड मिळवून आठवड्याला दोन दिवस चेंडूचं काम चालू ठेवलं तर ३२ चे सहज ४४ आठवडे होतात.

चेंडूचा हिशोबही असाच. साठ मिनिटं ११ विरुद्ध ११ खेळवलं आणि चेंडू सतत कुणाच्या तरी पायात आहे असं धरलं, तरी एकाच्या वाट्याला २.७ मिनिटं येतात. ४ विरुद्ध ४ मध्ये साडेसात. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानावर ३० बाय २० मीटरची सहा छोटी मैदानं निवांत बसतात, म्हणजे एका वेळी ४८ पोरं. खर्च फक्त शंकू, चुना आणि चेंडूंचा. दहा वर्षांच्या पोराला शाहू स्टेडियमच्या पूर्ण मैदानावर पळवलं की मोठा आणि तगडा पोरगा जिंकवून देतो, चेंडू हाताळणारा बारका मागं पडतो, आणि निवड समिती तगड्याला उचलते.

निवड तपासायची असेल तर जन्मतारखा बघा

१७ वर्षांखालच्या पाच-सहा संघांच्या याद्या घ्या आणि जन्ममहिन्यांची चार तिमाहीत वाटणी करा. निवड निव्वळ कौशल्यावर असेल तर प्रत्येक तिमाहीत चौथाईच्या आसपास यायला हवेत. जानेवारी ते मार्चमध्ये निम्मे आले, तर संघ आधी जन्मलेल्या, म्हणून थोराड पोरांचा आहे असं समजा. वयोगटाची कटऑफ तारीख आधी तपासा. फिफाच्या स्पर्धांत ती १ जानेवारी असते, शालेय स्पर्धांत वेगळी असू शकते. यादीत १ जानेवारी किंवा १ जून या तारखा संशय यावा इतक्या दिसल्या तर तो डेटा बाजूला ठेवा. त्या तारखा बहुतेक वेळा शाळेत दाखल करताना लिहिलेल्या असतात. एका संघाच्या २१ जणांवरून निष्कर्ष काढू नका, किमान शंभर नावं जमवा.

त्याच याद्यांवर अजून एक रकाना करा: यातले किती जण विसाव्या वाढदिवसापर्यंत सीनियर लीगमध्ये ९०० मिनिटं, म्हणजे दहा पूर्ण सामन्यांइतकं खेळले? भारतानं २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भरवला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. निकालावरून तो खर्च वाया गेला असं वाटेल. पण त्यानंतर त्या पिढीला इंडियन अ‍ॅरोज या संघातून आय-लीग या देशातल्या सीनियर लीगचे सामने मिळाले, आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच वर्ल्ड कप संघातून पुढं व्यावसायिक लीगमध्ये गेला. अ‍ॅरोज २०२२ मध्ये बंद झाला. सामन्यांची मिनिटं ही सुद्धा गुंतवणूक आहे आणि ताळेबंदात ती ‘युवा’ या शीर्षाखाली सापडेलच असं नाही. शोधून लिहावी लागते.

तीच शीट तालमीला

पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी, कुठलाही संघ घ्या, रकाने तेच राहतात. फक्त सहा ओळी: हंगामाचा एकूण खर्च, त्यातला बाहेरून आणलेल्या खेळाडूंवरचा, १८ वर्षांखालच्या पोरांवरचा, पोरामागं प्रशिक्षकाचे तास, पोरामागं चेंडू, आणि पहिल्या अकरात तालमीतच घडलेले किती. निकाल सात-आठ वर्षं सरकवा, कारण बारा वर्षांचा पोरगा एकोणीस-विसाव्या वर्षी सीनियर संघात येतो. पदाधिकारी त्याआधी बदलतात. म्हणून शीट एका माणसाच्या मोबाईलमध्ये न ठेवता तालमीच्या नावानं उघडलेल्या खात्यात ठेवा.

आणि एक काम आजच करा: नोंदणी. खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली पैसे देऊन झाली, तर फिफाच्या नियमानुसार रकमेचा ५ टक्के भाग त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटला जातो. १२ ते १५ या वर्षांसाठी दर हंगामाला ०.२५ टक्के, १६ ते २३ साठी दर हंगामाला ०.५ टक्के. समजा एक कोटीला बदली झाली आणि पोरगा १२ ते १५ अशी चार वर्षं तालमीकडं होता, तर तालमीचा हिस्सा एक लाख. एका बॅचच्या चेंडू-शंकूंना ते पुरून उरतात. देशातल्या देशात बदली झाली आणि पोरगा इथंच घडला असेल तर हा नियम लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

पैसे मिळतात ते कागदावर नाव असलेल्यालाच. तालीम फुटबॉल संघटनेशी संलग्न हवी आणि पोराची अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून नोंद हवी. तो हौशी म्हणून खेळला तरी चालतं, नोंद मात्र लागते. चार वर्षं घाम गाळून घेतला आणि नाव शाळेच्या संघावर राहिलं, तर हिस्सा मागताच येत नाही. प्रत्येक पोरामागं एक फाइल ठेवा: जन्माचा दाखला (पालिकेचा, शाळेचा नव्हे), नोंदणी क्रमांक, तालमीत दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि त्या-त्या हंगामातल्या सामन्यांच्या याद्या. सोडल्याची तारीख बहुतेक तालमींच्या वहीत कोरी असते आणि पुढं वाद तिथंच अडतो.